शिवणीतील माया : महाराष्ट्रातील घरगुती बालवस्त्रांचा सामाजिक इतिहास
(विशेष संदर्भ : वाढत्या अंगाचा लेंगा)

प्रस्तावना

महाराष्ट्रातील वस्त्रोद्योगाचा इतिहास प्रामुख्याने उत्पादनाचा इतिहास म्हणून लिहिला गेला आहे. १८५४ मध्ये कावसजी नानाभाई दावर यांनी मुंबईत पहिल्या गिरणीची स्थापना केली. १९०४ मध्ये इचलकरंजीत पहिला यंत्रमाग सुरू झाला. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईतील सुमारे अडीच लाख गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. हे टप्पे अभ्यासकांच्या परिचयाचे आहेत. या इतिहासात कापड गिरणीच्या दारातून बाहेर पडते, बाजारात पोहोचते आणि तेथेच अभ्यासकाची दृष्टी थांबते. ते कापड घरात आल्यावर कोणी बेतले, कोणी शिवले, किती वर्षे पुरवले आणि शेवटी त्याचे काय झाले, हे प्रश्न सहसा विचारले जात नाहीत.

प्रस्तुत लेखात या दुर्लक्षित बाजूचा विचार एका अत्यंत सामान्य वस्त्राच्या आधारे केला आहे. ते वस्त्र म्हणजे घरी शिवलेला मुलाचा लेंगा. विसाव्या शतकातील मध्यमवर्गीय व कामगार कुटुंबांत पाच ते बारा वर्षांच्या मुलाला घरात वावरताना आणि रात्री झोपताना घालावयाचा लेंगा आई, आजी किंवा आत्या यांच्यापैकी कोणीतरी शिवत असे. तो शिवताना मुलाच्या आजच्या मापाबरोबरच त्याच्या दोन वर्षांनंतरच्या मापाचाही विचार करावा लागे. ‘वाढत्या अंगाचा लेंगा’ हा शब्दप्रयोग त्यातूनच रूढ झाला. मुलाच्या वाढीची तरतूद करणारे हे श्रम कौशल्याचे आणि आर्थिकदृष्ट्या मोलाचे होते. तरीही श्रमाच्या नोंदीत त्यांना स्थान मिळाले नाही, हे दाखवणे हा या लेखाचा उद्देश आहे.

नावे आणि परंपरा

‘पायजमा’ हा शब्द फार्सीतील ‘पाय’ आणि ‘जामा’ म्हणजे वस्त्र या दोन शब्दांपासून बनला. मराठीत त्याच्या जोडीला ‘विजार’, ‘सुरवार’, ‘तुमान’ आणि ‘लेंगा’ हे शब्द वापरात राहिले. त्यांपैकी ‘विजार’ हा शब्द अरबी-फार्सी ‘इजार’वरून आला आहे. शिवलेल्या अधोवस्त्राची ही शब्दसंपत्ती बहुतांशी बाहेरून आलेली असली, तरी तान्ह्या मुलाच्या वस्त्रांची नावे मात्र घरगुती वळणाची आहेत : झबले, अंगडे, टोपडे, कुंची, लंगोट. ही वस्त्रे जुन्या लुगड्याच्या किंवा धोतराच्या मऊ कापडातून घरीच हाताने शिवली जात. मोठ्यांचे जुने कापड लहानांच्या अंगावर आणण्याची रीत शिवणयंत्राच्या कितीतरी आधीची आहे.

मोठ्या मुलांचे कपडे हे मात्र दीर्घकाळ शिंप्याचे काम मानले जाई. गावगाड्यात शिंप्याची गणना अलुतेदारांत होत असे. शिवलेले वस्त्र ही सणावाराला मिळणारी वस्तू होती. साने गुरुजींनी १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात लिहिलेल्या ‘श्यामची आई’मधील श्याम साठवलेल्या पैशांतून धाकट्या भावासाठी कोट शिवून नेतो, तोही शिंप्याकडून. ग्रामीण व श्रमजीवी कुटुंबांतील अनेक मुलांच्या वाट्याला लेंगा आलाच नाही. लंगोटी व सदरा यांवर त्यांचे बालपण सरले. त्यामुळे घरी शिवलेला लेंगा हे संपूर्ण समाजाचे चित्र ठरत नाही. ज्या घरांत कापड विकत घेण्याची ऐपत आली होती, परंतु प्रत्येक कपड्याची शिलाई देण्याची आली नव्हती, अशा मधल्या घरांचे ते वस्त्र होते. विसाव्या शतकाच्या मध्यावर शहरे, तालुक्यांची गावे आणि गिरणगाव येथे अशा घरांची संख्या मोठी होती.

यंत्राचे आगमन आणि शिवणशिक्षण

हे वस्त्र शिंप्याच्या दुकानातून घरात येण्यास दोन गोष्टी कारणीभूत ठरल्या. पहिली म्हणजे शिवणयंत्र. आयझॅक सिंगर यांना १८५१ मध्ये अमेरिकेत शिवणयंत्राचे पेटंट मिळाले आणि त्या शतकाच्या उत्तरार्धात सिंगर कंपनीची यंत्रे भारतात येऊ लागली. कंपनीचा येथील व्यापार नसरवानजी मेरवानजी पटेल या पारशी प्रतिनिधीने वाढवला. हप्त्याहप्त्याने किंमत फेडण्याच्या सोयीमुळे हे महाग यंत्र प्रथम शिंप्यांच्या आणि पुढे काही सुखवस्तू कुटुंबांच्या आवाक्यात आले. १९३० च्या दशकात कलकत्त्यात ‘उषा’ या देशी यंत्राचे उत्पादन सुरू झाले. स्वातंत्र्यानंतर असे यंत्र मध्यमवर्गीय घरात, अनेकदा लेकीच्या लग्नातील वस्तूंमधून, येऊ लागले.

दुसरी गोष्ट म्हणजे शिवणशिक्षण. १८८२ च्या हंटर आयोगाने मुलींचा प्राथमिक अभ्यासक्रम मुलांपेक्षा सोपा आणि गृहजीवनाच्या गरजांना धरून असावा, अशी शिफारस केली होती. शिवणकाम हा त्या दृष्टीचा स्वाभाविक भाग होता. पंडिता रमाबाई यांनी १८८९ मध्ये स्थापन केलेले शारदा सदन, महर्षी कर्वे यांचा १८९६ चा अनाथ बालिकाश्रम आणि रमाबाई रानडे यांच्या नेतृत्वाखाली १९०९ मध्ये उभे राहिलेले पुण्याचे सेवासदन या संस्थांच्या कार्यातून स्त्रीशिक्षणाबरोबर स्वावलंबनाचा विचार रुजला. शिवणकलेकडे पाहण्याच्या दोन दृष्टी यातून आकारास आल्या. एका दृष्टीने ती निराधार स्त्रीच्या उपजीविकेचे साधन होती. दुसऱ्या दृष्टीने ती सुगृहिणीचे लक्षण होती. पहिल्या प्रकारच्या शिवणकामाचा मोबदला मिळत असल्याने त्याचा हिशेब राहिला. दुसऱ्या प्रकारच्या शिवणकामाला कर्तव्य मानल्यामुळे त्याचा हिशेब ठेवण्याची गरज कोणालाच वाटली नाही.

शिवणवर्गांमध्ये आरंभ सामान्यतः झबले, टोपडे, लंगोट अशा बालवस्त्रांपासून होत असे. कापड थोडे लागते आणि चूक झाली तरी नुकसान कमी, हे त्याचे व्यावहारिक कारण होते. अनेक मुलींचा शिवणातील पहिला सराव धाकट्या भावाच्या लेंग्यावर झाला, तोही याच कारणाने. लेंग्याची टीप सरळ असते, बाही किंवा गळा नसतो आणि नाडी असल्यामुळे कमरेचे माप थोडे चुकले तरी निभावते.

वाढत्या अंगाचे गणित

लेंग्याची रचना आणि मुलाच्या शरीराची वाढ यांच्यातील नाते लक्षात घेणे आवश्यक आहे. साधारण चौथ्या वर्षापासून वयात येईपर्यंत मुलाची उंची दरवर्षी सुमारे ५ ते ६ सेंटिमीटरने वाढते आणि त्यातील निम्म्याहून अधिक वाढ पायांची असते. म्हणजेच मुलाचा लेंगा एका वर्षात सुमारे ३ सेंटिमीटर आखूड होतो. कमरेचा घेर मात्र त्या मानाने सावकाश वाढतो. लेंग्यात कमरेचा प्रश्न नाडीने सोडवलेला असतो. नेफ्यातील चुण्या जशा कमी होतील तसा घेर आपोआप वाढतो. प्रश्न उरतो तो लांबीचा. त्यासाठी तळाशी ८ ते १० सेंटिमीटरची रुंद दुमड घातली जाई किंवा पायावर बाहेरून एक-दोन आडवे टक घेतले जात. दरवर्षी त्यातील एक उसवायचा आणि पुन्हा टीप मारायची, एवढेच काम राही.

शिवणकामाच्या मराठी परिभाषेत या राखून ठेवलेल्या कापडाला ‘माया’ म्हणतात. शिवणीच्या आत, दुमडीत किंवा बगलेत पुढील गरजेसाठी सोडलेले जास्तीचे कापड म्हणजे माया. ‘माया ठेवली आहे ना?’ हा प्रश्न कपडा बेतणाऱ्या स्त्रीला घरातील वडीलधारी बाई आवर्जून विचारत असे. हा पारिभाषिक शब्द आहे आणि त्याचा व्यवहारही काटेकोर आहे. माया कमी ठेवली तर लेंगा वर्षभरात टाकावा लागतो; अधिक ठेवली तर दुमड जड होऊन पायात येते आणि कापडही वाया जाते.

या हिशेबात कापडाचा स्वभाव हा आणखी एक घटक होता. मांजरपाट किंवा लाँगक्लॉथ यांसारखे साधे सुती कापड पहिल्या धुण्यात आकसते. शंभरात पाच या प्रमाणात ते आकसले, तर ६५ सेंटिमीटर लांबीचा लेंगा ३ सेंटिमीटरहून अधिक आखूड होतो. मुलाच्या एका वर्षाच्या वाढीइतके कापड एका धुण्यात जाते. म्हणून कापड आणल्यावर ते रात्रभर पाण्यात भिजवून, वाळवून मगच बेतण्याची पद्धत होती. कापड आधीच आकसवून घेण्याची यांत्रिक प्रक्रिया अमेरिकेत सॅनफर्ड क्लुएट यांनी १९३० च्या सुमारास विकसित केली आणि पुढे तिच्या नावाचा शिक्का गिरण्यांच्या कापडावर दिसू लागला. तोपर्यंत, आणि स्वस्त कापडाच्या बाबतीत त्यानंतरही, हे काम घरच्या बादलीत होत राहिले.

कापडाच्या पन्ह्याचा हिशेब याहून महत्त्वाचा होता. ३६ इंची म्हणजे सुमारे ९१ सेंटिमीटर पन्ह्याच्या कापडात प्रत्येकी ४५ सेंटिमीटर रुंदीचे दोन पाय शेजारी शेजारी बसतात. सहा वर्षांच्या मुलाच्या लेंग्याची लांबी ६५ सेंटिमीटर, नेफ्यासाठी ५ आणि तळाच्या मायेसाठी १० सेंटिमीटर धरल्यास एकूण ८० सेंटिमीटर होतात. म्हणजे एका वारात लेंगा होतो आणि उरलेल्या पट्टीतून नाडी निघते. परंतु मांडीला ४५ सेंटिमीटरपेक्षा अधिक रुंदी लागू लागली की दोन्ही पाय एका पन्ह्यात बसत नाहीत. प्रत्येक पायासाठी स्वतंत्र लांबी घ्यावी लागते आणि कापडाची गरज एकदम जवळजवळ दुप्पट होते. मूल हळूहळू वाढते, परंतु त्याच्यासाठी लागणारा खर्च असा मध्येच उडी घेतो.

ही उडी पुढे ढकलण्यासाठी दोन पायांच्या मध्ये, बैठकीच्या खाली, उरलेल्या तुकड्यांची चौकोनी किंवा तिकोनी जोड दिली जाई. या जोडीमुळे मांडीला रुंदी मिळते, उठता-बसता शिवण उसवत नाही आणि आणखी वर्ष-दोन वर्षे एका पन्ह्यात काम भागते. कापड बेतणारी स्त्री हे गणित कागदावर मांडत नसे. वीत, बोटे आणि जुना लेंगा नव्या कापडावर अंथरून घेतलेला अंदाज ही तिची साधने होती. तरीही शरीराच्या वाढीचा वेग, कापडाचे आकसणे आणि पन्ह्याची मर्यादा या तिन्ही गोष्टींचा मेळ घालण्याचे काम ती अचूकपणे करत असे.

टंचाईचा काळ

या कौशल्याचे मोल टंचाईच्या काळात विशेष जाणवते. दुसऱ्या महायुद्धात सैन्याच्या मागणीमुळे कापडाचा तुटवडा झाला व किमती भडकल्या. तेव्हा १९४३ मध्ये सुती कापड व सूत यांवर नियंत्रण आणणारा आदेश काढण्यात आला आणि ‘स्टँडर्ड क्लॉथ’ची योजना सुरू झाली. स्वातंत्र्यानंतर १९६४ पासून गिरण्यांवर ठराविक प्रमाणात नियंत्रित दराचे कापड विणण्याचे बंधन आले. त्यात धोतर, साडी, लाँगक्लॉथ, शर्टिंग आणि ड्रिल या पाच प्रकारांचा समावेश होता. धोरणकर्त्यांच्या दृष्टीने हे पाच प्रकारचे कापड होते. घरातील स्त्रीच्या दृष्टीने लाँगक्लॉथ म्हणजे लेंगा आणि ड्रिल म्हणजे शाळेची चड्डी. शासनाने कापडाचा दर ठरवला. परंतु ते कापड किती वर्षे पुरेल, हे तिने राखलेल्या मायेवर ठरत होते.

गिरणगावात या प्रश्नाला वेगळी धार होती. जे कामगार दिवसभर मागावर शेकडो वार कापड विणत, त्यांच्या घरी मुलांसाठी कटपीस आणि दोष राहिलेले स्वस्त कापड शोधावे लागे. १९८२ च्या संपात वेतन थांबले, परंतु मुलांची वाढ थांबली नाही. अशा वेळी नवे कापड घेणे किती महिने टाळता येईल, याचे उत्तर जुन्या कपड्याच्या दुमडीत होते. संप लांबत गेला तसे अनेक घरांतील स्त्रियांनी खानावळ, घरकाम, खाद्यपदार्थांची विक्री आणि शिवणकाम यांवर संसार सावरला. ज्या यंत्रावर कालपर्यंत घरचा लेंगा शिवला जात होता, त्यावर आता बाहेरचे कपडे नगावर शिवले जाऊ लागले. काम तेच होते. मोबदला मिळू लागताच त्याचे नाव बदलले.

कापडाचे उत्तरायुष्य

घरी शिवलेल्या लेंग्याचे नमुने आज फारसे पाहावयास मिळत नाहीत. वस्तुसंग्रहालयांत प्रामुख्याने जरीची आणि समारंभाची वस्त्रे जतन केली जातात. रोजच्या वापरातील वस्त्र वापरूनच संपते. लेंगा प्रथम गुडघ्यावर विरतो. तेथे ठिगळ लावले जाई. तेही विरल्यावर गुडघ्यापासून खाली कापून त्याची अर्धी चड्डी केली जाई. ती धाकट्याला होई. त्यानंतर त्याची पिशवी, फडके किंवा गोधडीतील थर होई. साड्या, विजारी यांच्या बदल्यात भांडी देणारी बोहारीण दारावर येत असली, तरी असा लेंगा तिच्या गाठोड्यात घालण्याच्या लायकीचा क्वचितच उरत असे.

या प्रवासात लेंग्यावर एक खूण मात्र स्पष्ट उमटत असे. दुमड उसवल्यावर आतील कापड गडद, कोरे दिसे आणि बाहेरील भाग धुऊन-धुऊन फिकट झालेला असे. दोहोंच्या मध्ये जुन्या टिपेची रेघ राही. दोनदा उसवलेल्या लेंग्यावर अशा दोन रेघा दिसत. मुलाच्या वाढीची ती लेखी नसलेली नोंद होती. शाळेतील इतर मुलांसमोर हीच रेघ कमीपणाची वाटत असे, हेही नाकारता येत नाही. म्हणूनच शाळेचा गणवेश शिंप्याकडे आणि लेंगा घरी, अशी विभागणी अनेक कुटुंबांनी केलेली दिसते. मुलींच्या परकराला घातलेले टक हा याच विचाराचा दुसरा आविष्कार होय. तेथे मात्र टक शोभेचे मानले गेल्याने त्यांतील काटकसर झाकली जाई.

श्रमाची नोंद : संकेतांक ९३

या कामाला ‘घरकाम’ म्हणून बाजूला सारणे कितपत योग्य आहे, हा प्रश्न येथे उपस्थित होतो. संयुक्त राष्ट्रांच्या १९९३ च्या राष्ट्रीय लेखा पद्धतीनुसार घरच्यांसाठी केलेला स्वयंपाक ही सेवा असल्याने ती उत्पादनाच्या कक्षेबाहेर राहते. परंतु घरच्या वापरासाठी केलेली वस्तुनिर्मिती, तीत कपडे शिवणेही आले, उत्पादनाच्या कक्षेत येते. तत्त्वतः आईने शिवलेला लेंगा हे राष्ट्रीय उत्पादन आहे.

भारतातील राष्ट्रीय नमुना पाहणीच्या रोजगारविषयक फेऱ्यांत मात्र वेगळे चित्र दिसते. केवळ घरकाम करणाऱ्या व्यक्तीला संकेतांक ९२ दिला जातो. घरकामाबरोबरच सरपण, भाजीपाला, वैरण गोळा करणे अथवा घरच्यासाठी शिवण, विणकाम इत्यादी कामे करणाऱ्या व्यक्तीसाठी संकेतांक ९३ आहे. म्हणजे या श्रमाचे अस्तित्व शासकीय नोंदीला ठाऊक आहे, त्याला क्रमांकही आहे. परंतु ९२ आणि ९३ हे दोन्ही संकेतांक श्रमशक्तीच्या बाहेर धरले जातात. शिंप्याने शिवलेला लेंगा रोजगारात मोजला जातो आणि तोच लेंगा, तेवढ्याच टिपांनी, घरी शिवला असता शिवणारी व्यक्ती ‘काम न करणारी’ ठरते. स्त्रियांच्या श्रमसहभागाची चर्चा करताना ही विसंगती दृष्टीआड करून चालणार नाही.

समारोप

१९९१ नंतरच्या खुल्या बाजारपेठेत मुलांचे तयार कपडे स्वस्त व सहज उपलब्ध झाले आणि घरी लेंगा शिवण्याची प्रथा झपाट्याने मागे पडली. शिवणाच्या कष्टांतून अनेक स्त्रियांची सुटका झाली, हे स्वागतार्हच आहे. तयार कपड्यावर मात्र मापाच्या जागी वय छापलेले असते. एका विशिष्ट वयाचे सरासरी मूल गृहीत धरून तो शिवलेला असतो. शिवण अरुंद, दुमड बेताची. मूल वाढले की कपडा बदलायचा, हे त्यामागील गृहीतक आहे. घरी शिवलेल्या लेंग्यामागील गृहीतक याच्या उलट होते. तेथे मूल ठरलेले होते आणि कपड्याने त्याच्याबरोबर वाढायचे होते.

एकंदरीत, गिरण्यांनी किती वार कापड विणले याचा इतिहास जितका महत्त्वाचा, तितकाच त्या कापडातील प्रत्येक वार घराघरांत किती वर्षे पुरवला गेला याचा इतिहासही महत्त्वाचा आहे. पहिल्या इतिहासाची साधने अहवालांत आणि आकडेवारीत आहेत. दुसऱ्याची साधने आज साठ-सत्तरीच्या पुढे असलेल्या स्त्रियांच्या स्मरणात आणि हातांत आहेत. कोणते कापड किती आकसते, कोणत्या वयाला किती माया ठेवावी, जोड कोठे द्यावी, हे त्या आजही सांगू शकतात. जुन्या पेट्यांतील दोन रेघांचे लेंगे जसे झिजून संपले, तशी ही माहितीही संपण्यापूर्वी मौखिक इतिहासाच्या पद्धतीने ती नोंदवून घेणे, हे प्रादेशिक इतिहासाच्या अभ्यासकांपुढील तातडीचे काम ठरते.